पाठीवरचे बिऱ्हाड

घर आणि बिऱ्हाड यांत फरक आहे. घर बांधतात, बिऱ्हाड करतात. घर जागच्या जागी राहते. बिऱ्हाड आपल्याबरोबर हलते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपल्याकडे म्हणतात. विंचूच का, याचा मला लहानपणी उलगडा होत नसे. गोगलगाय अधिक शोभली असती. पण गेल्या ऑक्टोबरात जावईबापूंनी अमेरिकेतल्या त्यांच्या दाराशी आणून उभी केलेली ती भाड्याची गाडी पाहिली, तिच्या पोटातून आणि शेपटाकडून निघणाऱ्या तारा-नळ्या पाहिल्या, आणि म्हण करणारा शहाणा होता अशी माझी खात्री पटली.

लेक राहते लास व्हेगासच्या कडेला, हेंडरसन नावाच्या गावी. (लास व्हेगास म्हटले की पुण्यातली मंडळी आमच्याकडे जरा निराळ्याच नजरेने पाहतात. तिथेही लोक दूध आणतात, मुलांना शाळेत सोडतात आणि रात्री दहाला झोपतात.) तिच्याकडे येऊन आम्हाला दोन महिने झाले होते. घर ऐसपैस, माणसे गुणी. भांडी यंत्र घासते, कपडे यंत्र वाळवते, केर एक वाटोळी चकती आपली आपण फिरून काढते. आमच्या हिने ओट्याकडे पाऊल टाकले की लेक मायेने म्हणे, "आई, तू बस." हे शब्द खरोखर प्रेमाचे आहेत. पण पन्नास वर्षे उभ्याने संसार केलेल्या बाईला ते दिवसातून दहा वेळा ऐकवले, तर तिला आपला फोटो भिंतीवर लागल्यासारखे वाटू लागते. ती हळूहळू गप्प झाली. मग रोज संध्याकाळी मला विचारू लागली, "अहो, तिकीट अलीकडचं नाही का मिळणार?" मी काहीबाही सांगे. ती ऐकून घेई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी.

अशात ही सहल निघाली. तीन दिवस, उटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात, आणि मुक्काम गाडीतच. या गाडीला तिकडे सगळे 'आरव्ही' म्हणतात. आमची पंचवीस फूट लांब आणि आठ फूट रुंद. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, मोरी, संडास. ही दारातून आत गेली, चारी बाजूंनी पाहिले आणि म्हणाली, "दोनशे फूट झाले. म्हणजे आमच्या खोलीपेक्षा मोठीच की!"

खोली म्हणजे गिरगावातल्या चाळीतली, दहा बाय बाराची. सात माणसे. नळ गॅलरीच्या टोकाला आणि पाणी पहाटे साडेचारला. हिचे लहानपण त्या खोलीत गेले.

पहिल्याच वळणावर एक खण आपोआप उघडला, आणि पोह्यांचा डबा, दोन पातेली आणि चमच्यांचा गठ्ठा अशी सगळी वरात चालकाच्या पायाशी आली. जावईबापूंनी गाडी कडेला घेतली. लेक दोरी शोधू लागली. ही मात्र उठली, दोन टॉवेल घेतले, एकात एक भांडी बसवून मधल्या फटींत टॉवेल कोंबले आणि खणांच्या खिट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या. एस.टी.च्या टपावर टाकून कोकणात न्यायची ट्रंक ती अशीच भरत असे. पुढे सबंध वाटेत एक चमचा वाजला नाही. आणि कुणी "आई, तू बस" म्हटले नाही. म्हणजे म्हटले, पण ते पट्टा लावण्यासाठी.

प्रवास पावणेतीनशे किलोमीटरचा. पण या गाडीला घाई सोसत नाही. शेजारून मालट्रक गेला की ती अंग चोरते. लिटरला चारेक किलोमीटर चालते. जावईबापूंचे दोन्ही हात सुकाणूवर घट्ट, तोंडाने शब्द नाही. ॲरिझोनाच्या कोपऱ्यात व्हर्जिन नदीच्या घळीतून रस्ता जातो. हा तुकडा 1973 मध्ये खुला झाला. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये वळणे घेणारी नदी. खंडाळ्याचा घाट आठवावा, पण हिरवा रंग पुसून टाकलेला. पलीकडे उटाची हद्द लागली आणि घड्याळ एक तास पुढे करावे लागले.

वाटेत अशा गाड्या शेकड्यांनी दिसल्या. काहींवर 'विनेबागो' हे नाव होते. आयोवा राज्यात सुरू झालेली ही कंपनी 1966 पासून अशी चालती घरे बांधते. नाव पडले तिथल्या परगण्यावरून, आणि परगण्याचे त्या नावाच्या आदिवासींवरून. एकोणिसाव्या शतकात त्या लोकांना करारावर करार करून पुनःपुन्हा उठवले, इकडून तिकडे हलवले. आज हौसेने घर हलवणाऱ्यांच्या गाडीवर त्यांचे नाव मिरवते. मनुष्य नाव ठेवताना फार विचार करीत नाही हेच खरे.

झायनच्या दाराशी 'वॉचमन' नावाच्या सुळक्याखाली तळ आहे. तांबडे कडे, खाली कॉटनवुडची झाडे, पाने पिवळी पडू लागलेली. तिथे जागेवर वीज मिळते. पाण्याची नळी मात्र गाडीला जोडून मिळत नाही. आपल्या टाकीत असेल तेच पाणी. आमच्या टाकीत चाळीस गॅलन, म्हणजे दीडशे लिटर. पाच माणसांना.

आधी गाडी समपातळीत आणण्याचा सोहळा झाला. चाकांखाली ठोकळे घालायचे, पुढे घ्यायचे, मागे घ्यायचे. नातू बुडबुड्याची पट्टी घेऊन ओरडत होता, "आली! आली!" आत हिने फोडणीला तेल टाकले आणि खिडकीतून सांगितले, "अजून नाही आली. तेल डावीकडे जातंय." आणखी एक ठोकळा गेला. तेल मध्ये थांबले.

खरा प्रसंग पुढेच होता. लेक आणि नातू आंघोळ करून आले, घरच्यासारखी, मनसोक्त. भिंतीवर टाकीची पातळी दाखवणारे दिवे आहेत. जावईबापूंनी बटण दाबले आणि त्यांचा चेहरा उतरला. तीनांतला एक दिवा गेला होता. "हे असंच चाललं तर उद्या संध्याकाळी कोरडे," ते म्हणाले. लेक कावरीबावरी झाली. तिच्या सबंध आयुष्यात पाणी कधी संपले नव्हते. ते संपू नये म्हणून आम्हीच पुण्यात टाकीवर टाकी बसवली होती.

हिने पदर खोचला. (ती पंजाबी पोशाखात होती, तरी खोचला.) गाडीत एक घडीची रबरी बादली होती, ती मागून घेतली. तोंडे धुवायला मग, आंघोळीला निम्मी बादली. नळ उघडा ठेवून दात घासणे बंद. खरकटे आधी कागदाने पुसायचे, मग एका पातेल्यात साबणपाणी, दुसऱ्यात साधे, आणि शेवटचे साधे पाणी उद्याच्या पहिल्या खरकट्यावर. तांदळाचे धुवण बाहेर टाकू लागली, तेव्हा जावईबापू चाचरत म्हणाले, "आई, इथे जमिनीवर टाकलेलं चालत नाही." "मग डाळीत घालते," ती म्हणाली, आणि घातले. चाळीत नळ फुटला की मोठ्या बायका अशाच बोलत असणार.

रात्री खिचडी, पापड, मेतकूट. शेजारच्या गाडीत एक निवृत्त जोडपे होते. घर विकून सहा वर्षे ते असेच फिरत आहेत, असे त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितले. हिने त्यांना पापड दिला आणि आत येऊन मला हळूच विचारले, "मग सणाला मुलं कुठे येतात हो यांची?"

भांडी आवरताना लेक तिच्याशेजारी उभी होती. दोघींना मावेल एवढी जागा नव्हती, तरी उभी होती. "आई, उद्या सकाळचं काय काय काढून ठेवू?" तिने विचारले. दोन महिन्यांत हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला. हिने सगळा कार्यक्रम सांगितला: पोहे कुठे, दूध किती, कुणाची बादली आधी.

दहानंतर तळावर गडबड चालत नाही. आम्ही म्हातारे मागच्या पलंगावर, जावई आणि नातू चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर, लेक जेवणाच्या टेबलाची घडी घालून केलेल्या बिछान्यावर. बाहेर नदीचा आवाज. या गाड्यांत नळ उघडला की पंप घुर्र करतो. मध्यरात्री तो घुर्र झाला. माझी झोप चाळवली. शेजारी अंधारात ही कोपरावर उठून बसली होती.

"कोण आहे?" ती कडाडली. "नळ घट्ट बंद करा!"

"हो, आई," माळ्यावरून, मोरीतून आणि टेबलाकडून तिघेही म्हणाले.