धुराचा रंग कोणता?

गतवर्षीच्या पुनरुत्थान सणाच्या नाटिकेत माझ्या हातून एक चूक घडली, ती आधी कबूल करतो. युवक संघाच्या मुलांनी कबरीच्या प्रसंगासाठी रंगीत धुराचे दोन डबे मागविले होते. ‘फादर, सिनेमात असतो ना, अगदी तसा धूर!’ असे म्हणत त्यांनी परवानगी मागितली आणि मी ती हसत दिली. धर्मग्रामाचे सभागृह बंदिस्त, खिडक्या काळ्या पडद्यांनी झाकलेल्या. धोंडा लोटला गेला, जांभळा धूर उसळला, टाळ्यांचा कडकडाट झाला; आणि पुढच्या रांगेतील दम्याने आजारी असलेली एक चिमुरडी गुदमरू लागली. वडिलांनी तिला उचलून अंगणात नेले. सुदैवाने ती लवकर सावरली. मला मात्र बरेच दिवस चैन पडले नाही. वेदीपुढे इतकी वर्षे धूपदानी हलविणाऱ्या माणसाला धुराविषयी काहीच ठाऊक नसावे, याची लाज वाटली.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले, आणि मुलांबरोबर बसून काही युद्धपटही पाहिले.

पडद्यावरचा धूर मोठा आज्ञाधारक असतो. नायक डबा फेकतो, क्षणार्धात धुराची भिंत उभी राहते आणि नायक तिच्याआड अदृश्य होतो. बंद खोलीतही कोणी खोकत नाही. खरा डबा इतका सालस नसतो. अमेरिकी सैन्याचा ‘एम-१८’ हा डबा सुमारे अर्धा किलो वजनाचा. पिन ओढून फेकल्यावर एकदोन सेकंदांनी तो पेट घेतो आणि ५० ते ९० सेकंद धूर ओकतो. तो धूर कुठे जाईल हे मात्र वारा ठरवितो. आत पोटॅशियम क्लोरेट, इंधन म्हणून जुन्या बनावटीत गंधक व पुढे साखर, आणि रंगाची पूड असते. ती पूड जळत नाही. उष्णतेने तिची वाफ होते आणि बाहेरच्या हवेत थंड होऊन तिचेच सूक्ष्म कण धूर म्हणून दिसतात. डबा इतका तापतो की वाळलेल्या गवताला आग लागावी. सैन्यात आडोशासाठी वापरला गेलेला जस्ताचा पांढरा धूर तर याहून घातक. दुसऱ्या महायुद्धात एका बोगद्यात असे डबे पेटले, ७० माणसे त्या धुरात सापडली आणि त्यांपैकी १० दगावली. हा आकडा वाचला तेव्हा आमच्या सभागृहाच्या खिडक्यांवरचे काळे पडदे मला आठवले.

पण सर्वांत मोठी गफलत वेगळीच आहे. धूर म्हणजे लपण्याचे साधन, असे चित्रपट आपल्या मनावर ठसवितात. रंगीत धुराचे काम नेमके उलटे आहे. तो सापडण्यासाठी असतो. व्हिएतनामच्या जंगलात जखमी सोबत्याला घेऊन बसलेली तुकडी हेलिकॉप्टरला आपला ठावठिकाणा याच धुराने कळवीत असे. त्यात एक शिस्त होती. जमिनीवरचा सैनिक रंग आधी सांगत नसे. फक्त धूर सोडल्याचे कळवी. वैमानिक वरून दिसणारा रंग सांगे आणि मग खालून होकार जाई. याचे कारण शत्रूही रेडिओ ऐकत असे. रंग आधी उच्चारला तर तोही त्याच रंगाचा डबा फोडून हेलिकॉप्टरला मृत्यूच्या दारी उतरवू शकला असता. मेंढरे मेंढपाळाचा आवाज ओळखतात, यावर मी किती प्रवचने केली असतील. आवाजाची अशी खात्री करून घ्यावी लागते, हे मला या सैनिकांनी शिकविले.

१९६५ च्या नोव्हेंबरात ईआ ड्रांग खोऱ्यात वेढल्या गेलेल्या पलटणीचे प्रमुख हॅरोल्ड मूर हे श्रद्धावंत कॅथलिक होते. लढाईच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी आपल्या तुकड्यांना रंगीत धूर सोडावयास सांगितले, जेणेकरून विमानांना आपली हद्द दिसावी. हद्द विमानांना दिसली तशी शत्रूलाही दिसलीच असणार. तो धोका पत्करावा लागतो. त्याच सकाळी आपल्याच विमानाचा नापाम आपल्याच माणसांवर पडला. २००२ साली या लढाईवर निघालेल्या ‘वुई वेअर सोल्जर्स’ या चित्रपटात हा प्रसंग आहे. मुले तो पाहताना प्रथमच गप्प झाली.

‘अपोकॅलिप्स नाऊ’ हा १९७९ चा चित्रपट फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा. कॅथलिक घरात वाढलेल्या या दिग्दर्शकाने त्यात रणभूमीवरची एक मिस्सा दाखविली आहे; पडक्या चर्चपुढे धर्मगुरू मिस्सा अर्पण करीत असतो आणि मागे हेलिकॉप्टर एक गाय उचलून नेत असते. ते दृश्य पाहून मला हसू आले आणि लगेच अपराधीही वाटले. पण खरे दृश्य पुढे आहे. नदीतून जाणाऱ्या नावेवर एक सैनिक निव्वळ गंमत म्हणून जांभळा धूर सोडतो. त्याच वेळी नावेवरचा सर्वांत धाकटा पोरगा घरून आलेली आईच्या आवाजाची कॅसेट ऐकत असतो. काठावरून गोळ्यांचा वर्षाव होतो, पोरगा कोसळतो, आणि आईचा आवाज चालूच राहतो. ही भूमिका करणारा लॉरेन्स फिशबर्न चित्रीकरण सुरू झाले तेव्हा अवघा १४ वर्षांचा होता. आमच्या युवक संघातही त्या वयाची मुले आहेत. धूर कोणाला काय सांगतो, हे पडद्यावर इतक्या प्रामाणिकपणे मी अन्यत्र पाहिलेले नाही.

वाचकहो, धुराच्या खुणेसाठी आपणही रोमकडे डोळे लावून बसतोच. १९५८ च्या निवडणुकीत सिस्टाईन चॅपेलच्या धुराड्यातून निघालेला धूर काळा की पांढरा, यावरून लोकांचा गोंधळ उडाला होता. २००५ पासून पांढऱ्या धुराच्या जोडीला घंटाही वाजविल्या जातात. ८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांची निवड झाली तेव्हाही आपण आधी धूर पाहिला, मग घंटांकडे कान लावले. या पांढऱ्या धुराची सामग्री व्हॅटिकनने २०१३ साली प्रसिद्ध केली: पोटॅशियम क्लोरेट, दुधातील साखर आणि राळ. ते वाचून मी थबकलोच. सैनिकाच्या डब्यातला क्षार तोच आणि साखरही जवळपास तीच!

यंदाची नाटिका चर्चच्या अंगणात झाली. मुलांनी डबे मागितले नाहीत. धोंड्यामागे त्यांनी एक कंदील ठेवला होता. ती चिमुरडी आली होती. वडिलांनी तिला शेवटच्या रांगेत, फाटकाजवळ बसविले होते. पुढे जागा रिकामी होती, पण मी त्यांना बोलाविले नाही.