सॅम्पल, रेट आणि वसंतराव

कारंजा लाडच्या बाजार समितीत मी एका अडत दुकानाची वही लिहितो. आवक, हर्रास, मापाऱ्याचा काटा, हमाली यापलीकडे मला फारसं काही कळत नाही. यंत्रांचं तर नावच नको, घरातल्या मिक्सरचं झाकणसुद्धा बायको बसवून देते. असा माणूस गेल्या दिवाळीनंतर रेकॉर्डीच्या तोडीचा आवाज देणारं डिजिटल यंत्र शोधायला निघाला, आणि त्याला कारण मीच होतो.

वडिलांच्या तीस-पस्तीस रेकॉर्डी घरात आहेत. त्यातल्या वसंतराव देशपांड्यांच्या नाट्यपदांवर आईचा जीव. एक तर वसंतराव आमच्या शेजारचे, मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेले. शकुंतला गाडी चालू होती तेव्हा कारंज्याहून बसलं की थेट त्यांच्या गावी उतरता यायचं. शिवाय १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मधले त्यांचे खाँसाहेब आईने वडिलांसोबत नागपूरला पाहिले होते. दिवाळीच्या सफाईत फोनो माळ्यावरून उतरवला. तबकडी फिरली, आवाजही आला, पण घोगरा. सुईवर जाळं साचलंय असं समजून मी ती धोतराच्या फडक्याने पुसली. सुई फडक्यात आली.

नवी सुई कारंज्यात नाही, वाशीमला नाही, अकोल्याच्या दुकानदाराने तर फोनो म्हटल्यावर मला फोनची दुकानं दाखवली. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा म्हणाला, “मामा, कशाले सुई शोधता? डिजिटल घ्या.” त्याने पेनड्राइव्ह भरून दिला, मी नारळाएवढा ब्लूटूथ स्पीकर आणला आणि पहिलं पद लावलं. आईने अर्धा मिनिट ऐकलं. “हे वसंतराव नायी बाबा. कोन्ही पडसं झालेला मानूस गाऊन राह्यला.”

पडशाचं कारण भाच्याने सांगितलं. गाणं लहान करायला एमपी-थ्रीमध्ये कानाला सहसा कळणार नाही तो भाग काढून टाकतात. हे मला चटकन समजलं, याला आम्ही कडता म्हणतो. पण आमचा कडता क्विंटलमागे किलोत असतो. इथे सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट माहिती असते आणि माझ्या पेनड्राइव्हवर १२८. म्हणजे अकरा कट्टे पाठवले आणि एक पोहोचला! वरून ब्लूटूथ वाटेत स्वतःचा वेगळा कडता कापतो. तेव्हा ‘लॉसलेस’ गाणी घ्या, असं तो म्हणाला. मी वहीत लिहिलं, ‘बिनतोट्याची’. २००१ साली आलेला फ्लॅक नावाचा प्रकार यातलाच. गाणं साधारण अर्ध्या जागेत घडी घालून ठेवतो आणि उघडलं की दाणा न दाणा परत मिळतो. दुकानात मी मालकांना सांगितलं, की जगात बिनतोट्याचा माल निघालाय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप वहीत डोकं घातलं.

पुढचा शब्द आला ‘सॅम्पल रेट’. मला वाटलं, हे तर आपल्याच घरचं. सॅम्पल म्हणजे कट्ट्यातून काढलेली मूठभर तूर, रेट म्हणजे तिला मिळालेला भाव. तेव्हा १९२ रेटचं यंत्र सीडीच्या ४४.१ च्या चौपट भारी असणार, आणि मी १९२ वालंच घेणार असं जाहीर केलं. भाचा खाटेवर लोळून हसला. मग त्याने नीट सांगितलं. आवाजाची लाट म्हणजे कट्टा. सीडीसाठी त्यातून सेकंदाला ४४,१०० मुठी काढतात. प्रत्येक मूठ ज्या काट्यावर मोजतात, त्यावर ६५,५३६ खुणा असतात, त्याला १६ बिट म्हणायचं. २४ बिटच्या काट्यावर एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर खुणा. आणि जितक्या मुठी, त्याच्या निम्म्यापर्यंतचा बारीक सूर बिनचूक परत उभा करता येतो. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. माणसाचा कान तरणा असताना फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. बाकीच्या मुठी कोणासाठी?

मला पटेना. तेव्हा त्याने मोबाइलवर चढत जाणारा सूर लावला आणि त्याचा कानावरचा भारी हेडफोन मला दिला. आठ हजार, दहा हजार, छान. बारा हजारांच्या पुढे हेडफोन बंद पडला. मी त्याला म्हटलं, महाग वस्तू घेतोस आणि मध्येच बंद पडते. हेडफोन काढून मुलीच्या हातात दिला, तर ती कान झाकून ओरडली, “बाबा, बंद करा ना, किती किंचाळतंय!” चोपन्न वर्षांचा माझा कान बारा हजारांवर संपतो, आणि मी १९२ किलोहर्ट्झच्या यंत्रासाठी पैसे काढून बसलो होतो.

पैसे किती? २०२४-२५ च्या हमीभावाने तीन क्विंटल सोयाबीनचे, १४,६७६ रुपये. एवढ्यात जे बसेल ते.

स्ट्रीमर म्हणून एक यंत्र असतं. स्ट्रीम म्हणजे ओढा, तेव्हा इंटरनेटच्या ओढ्यातून गाणं उपसणारं यंत्र असं मी लिहून ठेवलं. पाच हजार गाणी आधीच भरलेला २०१७ सालचा ‘कारवाँ’ मला फार आवडला, बटणंही माझ्या बोटांच्या मापाची. पण आपल्या फायली मोठ्या स्पीकरवर वाजवायच्या तर भाच्याच्या मते ‘डॅक’ हवा. हा शब्द मी बरेच दिवस ‘डाक’ ऐकत होतो. डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारा. कुरिअरने काडेपेटीहून थोडी मोठी डबी आली. मी ती जुन्या लॅपटॉपला जोडली, दिवा लागला, गाणं सुरू केलं, आणि डबीला कान लावून बसलो. काहीच नाही. परत पाठवायच्या आधी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, डॅक फक्त भाषांतर करते. बोलाले तोंड लागते. स्पीकर कुठी आहे?”

स्पीकर म्हणजे तोंड आणि ॲम्प्लिफायर म्हणजे छाती, हे दोन्ही मी विकतच घेतले नव्हते. ते लग्नात भोंगे लावणाऱ्या आमच्या गल्लीतल्या माईकवाल्या काकांनी जुळवून दिले. शेल्फावर मावतील असे दोन लाकडी खोक्यांचे स्पीकर आणि छोटा ॲम्प्लिफायर. मी ते देवघराच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवले आणि तबला वाड्यातल्या विहिरीत पडल्यासारखा घुमायला लागला. काकांनी स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, आईच्या कानाच्या उंचीला आणले, आणि मागच्या उघड्या भिंतीवर दोन गोधड्या टांगायला लावल्या. घरावर टिनपत्रे, खाली फरशी, आवाज सगळीकडून उलटून येत होता. गोधड्या लागल्या आणि वसंतरावांचं पडसं गेलं. डॅकबद्दल मी दोन महिने वाचत होतो, आणि सगळ्यात मोठा फरक पाडला तो पेटीतल्या गोधड्यांनी. मग उगाच म्हणून तेच जुने एमपी-थ्री या स्पीकरवर लावून पाहिले. फ्लॅकइतके नाहीत, पण ऐकवत होते. निम्मा दोष त्या नारळाचाच होता.

तरी आई म्हणे, “बरं हाय. पन रेकॉर्डीवानी नायी.” आता मात्र मी हट्टाला पेटलो. काकांकडे चालू टर्नटेबल होतं, ते घरी आणलं. त्याची वायर सरळ ॲम्प्लिफायरला लावली तर वसंतराव डासाएवढे झाले, खालचा सूर गायब. काका म्हणाले, “भाऊ, मधात फोनोचा प्रीॲम्प लागते.” कारण ऐकून मी थक्क झालो. रेकॉर्ड कापताना खर्जाचा सूर मुद्दाम दाबतात, नाही तर खाच इतकी रुंद डुलेल की शेजारच्या खाचेत शिरेल. बारीक सूर उलट वाढवतात, म्हणजे सुईची खरखर पुढे दबते. वाजवताना हे सगळं उलटं करून घ्यायचं. त्याचं माप १९५४ साली अमेरिकेत ठरलं, त्याला आरआयएए म्हणतात. ज्या रेकॉर्डीला मी बिनकडत्याचा माल समजत होतो, तिच्यातही कापाकापी होती. मोजमापात तर ती मागेच आहे. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर ९६ डेसिबल, चांगल्या एल.पी.वर सत्तरच्या आसपास.

काकांच्या प्रीॲम्पमधून आमची रेकॉर्ड लॅपटॉपवर उतरवली, फ्लॅकमध्ये, खरखरीसकट. मग आईला पाठमोरं बसवलं. एकदा रेकॉर्ड, एकदा लॅपटॉप, असं तीनदा, तेच स्पीकर, त्याच गोधड्या. आईने तिन्ही वेळा लॅपटॉपला रेकॉर्ड म्हटलं आणि मी गल्लीला ऐकू जाईल असा हसलो. काकांनी बटण तपासलं. लॅपटॉपचा आवाज थोडा मोठा होता. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, सबब परीक्षा रद्द.

आवाज मोबाइलवर मोजून सारखे केले आणि पुन्हा दहा वेळा लावलं. आईचे पाच बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. मी बसलो, माझे चार. मग कंपनीने काढलेली तीच पदं, स्वच्छ, खरखर नसलेली, लावली. ती आईने दरवेळी ओळखली आणि दरवेळी नापसंत केली. म्हणजे तिला हवा असलेला ‘रेकॉर्डीचा आवाज’ रेकॉर्डीवरच होता, त्यातल्या खरखरीसकट, आणि ती खरखर ४४,१०० मुठींच्या यंत्राने दाणाही न सांडता उचलली होती.

हिशेब असा, की १४,६७६ पैकी १४,३०० खर्च झाले, त्यातले निम्म्याहून जास्त स्पीकरचे, डॅकचे सगळ्यात कमी. आज पुन्हा घ्यायचं झालं तर आधी गोधडी टांगीन, मग स्पीकर घेईन, आणि वाजवणारं यंत्र शेवटी, जे मिळेल ते. आईचं मात्र एक गाऱ्हाणं उरलं आहे. लॅपटॉपवर बाजू पालटावी लागत नाही, त्यामुळे चहा कधी टाकायचा ते तिला समजत नाही. तेव्हा जुन्या फोनोला बसेल अशी सुई कारंजा, मानोरा, मंगरूळपीर, मूर्तिजापूर, कुठेही कोणाच्या माळ्यावर पडली असेल, तर बाजार समितीत निरोप ठेवावा. सुई मी पुसणार नाही.