तीस गुण आणि एक मण्यार

माझ्या फोनमध्ये ‘सीएमई’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात सतरा प्रमाणपत्रं आहेत. महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरला दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी तेवढ्या काळात ३० क्रेडिट पॉइंट जमवून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला दाखवावे लागतात. कल्पना चांगलीच आहे. वैद्यकशास्त्र बदलत राहतं, आणि वीस वर्षांपूर्वी पास झालेल्या माणसानं तेव्हाचीच औषधं लिहीत बसू नये. माझे सध्या २६ झालेत. त्यातले निदान आठ मी झोपेत मिळवलेत.

झोपेत म्हणजे अक्षरशः. करोनापासून वेबिनारांचं पेव फुटलं. लॉग-इन करायचं, फोन चार्जिंगला लावायचा, आवाज बंद. मधेच एखादा प्रश्न आला की कुठल्यातरी पर्यायावर बोट टेकवायचं. शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की प्रमाणपत्र मेलवर हजर. नाईट ड्यूटी करून आलेल्या माणसाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. मीही ठेवली नव्हती.

प्रत्यक्ष कार्यक्रमांनाही गेले आहे. नाशिकच्या एका हॉटेलात मधुमेहाच्या नव्या गोळ्यांवर तीन तास ऐकलं. वक्ते हुशार होते, पनीर उत्तम होतं. त्यांनी सांगितलेली एकही गोळी माझ्या आरोग्य केंद्राच्या औषधांच्या खोलीत नव्हती, आणि बाहेरून विकत घेण्याची ऐपत माझ्या बहुतेक पेशंटची नव्हती. औषध कंपन्यांच्या पैशावर डॉक्टरांनी काय शिकावं हा जुना वाद आहे. २०२४ साली केंद्र सरकारनं औषध कंपन्यांसाठी नवी संहिता आणली. तिच्यात डॉक्टरांना भेटवस्तू देण्याला बंदी आहे आणि असे कार्यक्रम परदेशात भरवायलाही. आमच्यासारख्यांना परदेशी कुणी नेणार नव्हतंच. पण विषय कोण निवडतं हा प्रश्न उरतोच. सर्पदंशावर कार्यक्रम भरवून कुणाची कुठली गोळी खपणार आहे?

मी पुण्यात वाढले, तिथंच शिकले. बाँड पूर्ण करायला एक वर्षासाठी अकोले तालुक्यात आले आणि अजून इथंच आहे. हा अहिल्यानगर जिल्ह्यातला पार पश्चिमेचा तालुका. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड इथलेच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला जाऊन रील टाकलं असेल. काजवे संपले की पाऊस लागतो, आवणी सुरू होते आणि ट्रॅफिक ओसरतं. मग उरतात महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांमधली माणसं, चिखल, आणि साप.

माझ्या पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे पावणेचारला एक बाई दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. “रातीपासून पोट धरून बसलंय पोरगं.” दोन उलट्या झालेल्या. ताप नाही, जुलाब नाहीत. मी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. संध्याकाळी काय खाल्लं ते विचारलं. उलटी थांबायचं आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि म्हटलं, पडू दे जरा. केसपेपरवर ‘गॅस्ट्रायटिस’ लिहिलं. तो केसपेपर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, अक्षरासकट.

आमच्याकडे एक शिपाई आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. ते दिवा बंद करायला आत गेले आणि परत आले. “मॅडम, पोराचे डोळे उघडंनात.”

“मामा, रात्रभर जागलाय तो.”

मामा काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी आईला एवढंच विचारलं, “खाली झोपला व्हता का खाटंवर?”

“खालीच. चुलीपाशी.”

मी आत गेले. मुलाला हाक मारली. तो जागा होता. बघायचा प्रयत्न करत होता, पण पापण्या वर जात नव्हत्या. ‘आई’ म्हणाला तेव्हा आवाज नाकातून आला. बॅटरी घेऊन अंगभर शोधलं, दंशाची खूण कुठेही सापडली नाही. घड्याळात चार चाळीस झाले होते.

मण्यार बहुधा रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दात इतके बारीक की कित्येकदा खूण दिसत नाही, सूज नाही, फारसं दुखत नाही, माणसाला जागही येत नाही. पुढे पोटात दुखतं, उलटी होते. मग पापण्या पडतात, गिळता येईनासं होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हे मला माहीत होतं का? होतं. परीक्षेत मला सर्पदंशावर पूर्ण मार्क होते. पण आमच्याकडे साप शिकवला जातो प्रामुख्यानं न्यायवैद्यकशास्त्रात, म्हणजे शवविच्छेदन आणि कोर्टाच्या साक्षीच्या शेजारी. खवले मोजून विषारी-बिनविषारी ओळखायला मी शिकले होते. खवले मोजू देणारा साप मला आजवर भेटलेला नाही. पोट धरून आलेल्या मुलात मण्यार बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं. ते मामांना येत होतं.

प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या चढवायच्या होत्या. लहान मुलालाही मोठ्यांइतकाच डोस, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही. माझे हात थरथरत होते. या औषधाची ॲलर्जी येऊ शकते, रक्तदाब कोसळू शकतो. या भीतीपोटी अनेक ठिकाणी पहिली कुपीही न देता पेशंट पुढे पाठवला जातो. ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलं की ही भीती निम्मी होते. हे मी आज लिहू शकते. त्या पहाटे सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही भरून ठेवा, मी बघते ना,” म्हणून मी ते केलं.

१०८ आली. वाटेत मुलाचा श्वास उथळ होत गेला आणि मग मी पिशवी दाबत राहिले. अंबू बॅग दाबायचं काम डमीवर शिकवतात, पाच मिनिटं. घाटातल्या वळणांवर ते दीड तास करणं वेगळं असतं. मोठ्या दवाखान्यात त्याला व्हेंटिलेटर मिळाला. दहा दिवसांनी तो घरी आला. आता सातवीत आहे, रस्त्यात दिसलो की लाजतो.

ती पंचावन्न मिनिटं मात्र माझी आहेत. मण्यारीचं विष एकदा मज्जातंतूंच्या टोकांना भिडलं की ते तिथून काढता येत नाही, म्हणून औषध जितकं लवकर तितकं बरं. वेळेत दिलं असतं तर तो व्हेंटिलेटरपर्यंत गेला असता का, याचं उत्तर मला कुणी देऊ शकलेलं नाही. त्याच्या आईला मी हे पुढे सांगितलं. ती म्हणाली, “वाचलं ना पोरगं.” मला त्यानं बरं वाटलं नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले, पॉइंटांसाठी नव्हे. डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल कॉलेजात ऐकलं होतं, पण एखादा मोठा माणूस म्हणून. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात, विंचूदंशानं माणसं डोळ्यांदेखत जात असताना, ते पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करत होते. १९८२ साली त्यांचं पत्र ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली आणि मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं ते एका टक्क्यावर आलं. हे ज्ञान कुठल्या हॉटेलातून बिरवाडीला गेलं नव्हतं. ते बिरवाडीतून बाहेर गेलं.

आणि गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी तर गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच त्यांनी दाखवलं की घरच्या घरी अशी काळजी घेतल्यानं नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्याचं मूळ तिथं आहे.

तर मी ठरवलं, महिन्याला आशांची बैठक होतेच, तिच्यातला एक तास सापाला द्यायचा. पहिल्या महिन्यात मी प्रोजेक्टर लावला आणि चाळीस स्लाइड दाखवल्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. अर्ध्या जणी रजिस्टर पूर्ण करत होत्या. मला एकदम माझं चार्जिंगला लावलेलं वेबिनार आठवलं.

दुसऱ्या महिन्यात स्लाइड नव्हत्या. काचेची नळी होती. घोणस आणि फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. गोठलं नसेल तर औषध सुरू. मी म्हटलं, माझंच रक्त घ्या. फोनवर टायमर लावला. वीस मिनिटांनी सिस्टरांनी नळी तिरकी केली आणि माझं रक्त पाण्यासारखं वाहिलं.

खोलीत शांतता. मग एक आशाताई हळूच म्हणाली, “मॅडम, तुम्हाला काही चावलं का?”

नळ्या साबणाच्या पावडरीनं घासून ठेवल्या होत्या. साबणाचा थर काचेवर राहिला की निरोगी रक्तही नीट गोठत नाही, आणि प्लास्टिकच्या नळीचंही तेच. हे त्या दिवशी आम्ही सगळ्याच शिकलो, मी धरून. तेव्हापासून नव्या नळ्या वेगळ्या डब्यात असतात, डब्यावर सिस्टरांच्या अक्षरात ‘धुवू नये’. शिवाय जोडीला कुणातरी चांगल्या माणसाचं रक्त दुसऱ्या नळीत ठेवायचं, म्हणजे नळी फसवत असेल तर कळतं.

मण्यारीत मात्र नळीचा भरवसा नाही. रक्त छान गोठतं आणि पेशंट जातो. तिथं डोळे बघायचे, मान उचलायला सांगायची आणि एका दमात आकडे म्हणून घ्यायचे. दर थोड्या वेळानं पुन्हा मोजायचे. कमी होत गेले तर श्वास थकतोय. यावर एक आशा म्हणाली, “आमच्या म्हाताऱ्यांना आकडे कुठं येत्यात?” मी विचारात पडले. दुसरीनं परस्पर सोडवलं: “नातवंडांची नावं म्हणायला लावायची. ती कुणी इसरत नाही.”

आम्ही ते तसंच ठेवलंय. भगताला बैठकीला बोलवायचं का यावर मात्र दोन महिने भांडण झालं. सिस्टरांचा विरोध होता, माझाही थोडा. शेवटी आशाताईच त्याच्याकडे गेली. मंत्र म्हणू नको असं ती म्हणाली नाही. “गाडी येईस्तोवर म्हणा, पण पट्टी करकचून बांधू नका आणि चिरा देऊ नका,” एवढंच ठरलं. मला हे पूर्ण पटलेलं नाही. पण परवा पहिला फोन त्याचाच आला.

मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशाचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे. प्रशिक्षणं वाढतील, बहुतेक वेबिनारही. मी आवाज चालू ठेवीन.

नूतनीकरणाला मला अजून चार पॉइंट हवेत. आमच्या बैठकीचे शून्य मिळतात, कारण ती नोंदवलेली नाही आणि वक्ता म्हणून मामांचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळत नाही. पुढच्या रविवारी संगमनेरला एक कार्यक्रम आहे, हृदयविकारावर. जाणार आहे. जाताना डब्यातल्या दोन नळ्या पर्समध्ये टाकीन, चहाच्या सुट्टीत कुणी भेटलं तर दाखवायला.

काल रात्री सव्वादोनला एका आशाताईचा फोन होता. सुनेच्या पोटात दुखतंय, खाली झोपली होती, घरात मच्छरदाणी नाही. “पापण्या ठीक हायेत मॅडम, एका दमात सगळ्यांची नावं घेतली तिनं. तरी मी गाडी सांगितलीय.”

मी उठून खालचा दिवा लावला. मामा आधीच सलाईनचा स्टँड ओढत होते.