आषाढातील किनारी वाट

वाचकहो, आषाढात बंगळुरूहून समुद्राकडे निघालात, तर हासन, सकलेशपूर मागे टाकून शिराडी घाट उतरावा लागतो. मंगळूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. परंतु दरड कोसळली की घाट बंद पडतो, म्हणून आधी चौकशी करावी.

मंगळूरहून उत्तरेस वळून उडुपी, कुंदापूर ओलांडले की मरवंते येते. डावीकडे खवळलेला अरबी समुद्र, उजवीकडे सौपर्णिका नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून धावणारा राजमार्ग! वारा गाडीला ढकलतो, काचेवर खारे तुषार येतात. असे दृश्य पावसाळ्यातच पाहावे, असे आम्हांस वाटते.

मात्र प्रवाशाचे डोळे लाटांवर खिळतात, आणि भय असते ते डोंगराचे. कडा उभा तासला की झाडांच्या मुळांचा आधार जातो. भिजून जड झालेली माती मग एकाएकी सुटते. अंकोल्याजवळ शिरूर येथे १६ जुलै २०२४ रोजी असाच डोंगर खचला. रस्त्याकडेचे चहाचे दुकान, उभी वाहने आणि माणसे गंगावळी नदीत लोटली गेली. त्यांतील काही माणसे तेथे केवळ घटकाभर विसावली होती.

तेव्हा चहाची कितीही तल्लफ आली, तरी तासलेल्या डोंगराखाली गाडी उभी करू नका. थोडे पुढे जाऊन भाताच्या खाचरांपाशी, मोकळ्यावर थांबा.