ऑफिसचे पार्किंग आणि खरेपणाची सही

इथे इंग्लंडमध्ये ऑफिसच्याच आवारात गाडी लावली म्हणून खासगी पार्किंग कंपनीने माझ्यावर दावा लावला. हा सरकारी दंड नव्हे. पण दुर्लक्ष केले तर एकतर्फी निकाल लागतो, आणि पैसे महिन्यात न भरल्यास नोंद 6 वर्षे राहते. मी 14 दिवसांत पोच दिली, म्हणून बचावासाठी एकूण 28 दिवस मिळाले.

नेमणूकपत्रात पार्किंगची सोय लिहिलेली होती, तोच आधार घेतला. "गाडी कोणी लावली ते सांगूच नकोस," मैत्रीण म्हणाली. पण बचावाखाली मजकूर खरा असल्याची सही करायची असते. मी लिहिले: गाडी मीच लावली, परवानगीने लावली. सुनावणीआधीच कंपनीने दावा मागे घेतला.

असा लिफाफा आलाच, तर आधी तारीख बघा.