गुडघा, गोळ्या आणि घड्याळ

गेल्या महिन्यात माझा उजवा गुडघा बदलला. चौकशीचे फोन अजून चालू आहेत. प्रश्न एकच, "फार दुखतं का हो?" आणि सल्लाही एकच, "गोळ्या जमेल तितक्या कमी घ्या, सवय लागते."

सवयीची भीती खोटी नाही. पण ती अफूच्या जातीच्या औषधांची. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल ही त्यातली. अमेरिकेत डॉक्टरांनी सढळ हाताने लिहून दिलेल्या अशा गोळ्यांपासून व्यसनाची साथ सुरू झाली. पुढे त्यात बेकायदा फेंटानिल आलं आणि 2022 या एका वर्षात 80 हजारांवर माणसं गेली.

साधी पॅरासिटामॉल मात्र या जातीची नव्हे. गंमत अशी, की साध्या गोळ्या टाळल्या की दुखणं चढतं आणि मग जालीम गोळीच लागते!

आमचे भूलतज्ज्ञ म्हणाले, "आजी, दुखायची वाट बघायची नाही. घड्याळ बघायचं." दर सहा तासांनी पॅरासिटामॉल. किडनीचे रिपोर्ट पाहून थोडे दिवस सूज उतरवणारी गोळी. शिवाय ऑपरेशनच्या वेळी मांडीतल्या नसेजवळ बधिरतेचं इंजेक्शन. सुजेची गोळी गुडघ्यातच काम करते, इंजेक्शन दुखण्याचा निरोप वाटेत अडवतं, अफूवर्गातली गोळी मज्जारज्जू आणि मेंदूत. पहिल्या दोघांनी भार उचलला की तिसरीला काम थोडंच उरतं. ट्रॅमाडॉल मला दोनच रात्री लागली. तिने मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी येते. या वयात गुंगीत उठून पडलो तर?

जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन नावाच्या, अफूवर्गात न मोडणाऱ्या नव्या गोळीला मान्यता मिळाली. ती मेंदूबाहेरच्या नसांवर काम करते. चांगलंच आहे. पण माझं काम जुन्या, स्वस्त गोळ्यांनीच भागलं.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या वन्सं. त्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. त्यांनी जाहीर केलंय, "बाळंतपणं सोसली, गुडघ्याचं काय मोठंसं! मी गोळी घेणार नाही."

वन्सं, सोसण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. पण दुखलं की गुडघा वाकवावासा वाटत नाही, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत वाकवला नाही तर तो आखडतो. मग नवा बसवून उपयोग काय? भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. किडनी, अल्सर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं सांगा. पॅरासिटामॉल दिवसाला किती हेही विचारा. सर्दीच्या गोळीतही ती असते, मोजताना धरायला हवी.

आणि गजराचं घड्याळ मी पाठवते.