महिन्याचा दुसरा रविवार

हिंगोलीला कधी आलात तर गावातल्या जुन्या भागांची नावे लक्ष देऊन ऐका. रिसाला, पलटण, तोफखाना, सदर बाजार आणि पेन्शनपुरा. १९०३ पर्यंत हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रज साहेबांचा, अशी ती फौज. घोडी गेली, तोफा गेल्या, साहेब गेले, नावे तेवढी मागे राहिली. त्यातले पेन्शनपुरा हे नाव मला फार बोलके वाटते. शिपायाची नोकरी संपते, पण त्याचे पोट आणि त्याचे कागद संपत नाहीत, हे त्या एका नावात आले.

आमची माजी सैनिकांची संघटना पेन्शनपुऱ्यात नाही. ती वसमतला आहे, एका पत्र्याच्या खोलीत. एक लोखंडी कपाट, दोन टेबले, निरनिराळ्या घरांतून आलेल्या निरनिराळ्या रंगांच्या खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी महार रेजिमेंटचे चिन्ह. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला बैठक असते. दहा म्हणजे दहा. एरवी आपल्याकडच्या सभा तासभर उशिराने सुरू होतात, पण फौजी माणूस पावणेदहालाच येऊन बसतो आणि दहा वाजून पाच मिनिटांनी येणाऱ्याकडे असा पाहतो की तो पुढच्या खेपेला साडेनऊलाच हजर होतो.

मी फौजी नाही. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात क्लार्क आहे, बी.कॉम. झालेली. माझे वडील महार रेजिमेंटमध्ये हवालदार होते. ते वारले तेव्हा आईचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायला मला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी जे शिकले ते कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत. पुढे वडिलांच्या बरोबरीचे काका लोक म्हणू लागले, “बाई, तुला कागद कळतात, आमच्या खोलीवर येत जा.” तेव्हापासून जाते आहे. मानधन नाही. चहा मात्र दोनदा मिळतो.

वाचक भगिनींनो, या कामात सर्वांत मोठी अडचण कोणती असेल? पैसा नाही, साहेब नाही. अडचण आहे नावाची. आपल्याकडे मुलगी लग्न होऊन आली की सासरचे लोक तिचे नाव बदलत. माहेरची गिरजा सासरी आली की अनुसया व्हायची. नवरा फौजेत. त्याने सुट्टीवरून परत गेल्यावर पलटणीच्या कारकुनाला बायकोचे नाव सांगितले ते एक, रेशनकार्डावर पडले ते दुसरे, आणि आधार काढताना पोराने सांगितले ते तिसरे. नवरा आहे तोवर काही अडत नाही. तो गेला की बँकेचा माणूस तीन कागद समोर ठेवून विचारतो, “यातली तुम्ही कोण?” नवऱ्याबरोबर चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला तिनेच ती आहे हे सिद्ध करावे लागते.

मग आमचे काम सुरू होते. दोन्ही नावांची बाई एकच, असे प्रतिज्ञापत्र. ग्रामपंचायतीचा दाखला. डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स. पी.पी.ओ.ची झेरॉक्स. सगळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मध्यप्रदेशातील सागरला, महार रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे. तिथून नोंद दुरुस्त होऊन आली की पुढची पायरी. दुसऱ्या रेजिमेंटचा जवान असेल तर कार्यालय दुसरे, पण वाट हीच. आता निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ नावाच्या संगणक प्रणालीवर गेले आहे. चूक एका ठिकाणी दुरुस्त झाली की सगळीकडे होते, हा फायदा. चूक एका ठिकाणी राहिली की सगळीकडे राहते, हा तोटा.

तारखेचेही तसेच. निवृत्तिवेतन घेणाराचे वय ८० पूर्ण झाले की मूळ रकमेवर २० टक्के जादा मिळतात. ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली तर दुप्पट. हे कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे. पण बाईची जन्मतारीख पी.पी.ओ.वर असेल तर! जुन्या पी.पी.ओ.वर नवऱ्याची जन्मतारीख असते, बायकोच्या जागी नुसते नाव. संगणकाला ती ऐंशीची झाल्याचे कळणार कसे? अशा एक मावशी आमच्याकडे आल्या, वय चौऱ्याऐंशी. मूळ कुटुंब निवृत्तिवेतन किमान म्हणजे ९,००० रुपये. त्यावर २० टक्के म्हणजे महिन्याला १,८०० आणि त्यावरचा महागाई भत्ता वेगळा. चार वर्षे ते पैसे त्यांना मिळाले नव्हते आणि मिळायला हवेत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. कागद पाठवले, परत आले, पुन्हा पाठवले. दीड वर्षाने थकबाकी जमा झाली. मावशी खोलीवर आल्या आणि म्हणाल्या, “मह्या धन्यानं मेल्यावर बी कमावलं बघ माय.” त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

सगळ्यांचे असे होत नाही. सेनगावकडच्या एका आजीचा आदेश आला तेव्हा आजी जाऊन तीन आठवडे झाले होते. थकबाकी वारसांना मिळते, तिच्या मुलाला मिळेलही. पण वरचा अर्ज मी लिहिला होता, आणि खालचा अंगठा तिचा होता.

उलट प्रकारही असतो. बाई रडत येते की पेन्शन कापली. पाहावे तर कापलेली नसते. नवरा निवृत्तीनंतर लवकर वारला असेल तर सुरुवातीला वाढीव दराने, पगाराच्या निम्म्याने, कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ते सात वर्षे किंवा नवऱ्याचे वय ६७ झाले असते तोपर्यंत, यातले जे आधी येईल तेवढेच. मग ते ३० टक्क्यांवर येते. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली तर बाई तिच्या हिशोबाने संसार लावते. कोणी सांगत नाही, म्हणून ती कर्ज काढून बसते. आमच्या वहीत आता एक रकाना आहे, ‘वाढीव दर कधी संपणार’. मी तो हट्टाने घातला आहे.

नोव्हेंबर हा आमचा मोठा महिना. हयातीचा दाखला. जिवंत असल्याचा पुरावा दरवर्षी द्यायचा. नेमकी त्याच वेळी आपली निम्मी माणसे गावात नसतात. ऊसतोडीला गेलेली असतात, कोणी वीटभट्टीवर असते. लेकासुनेबरोबर म्हातारीही कोपीवर गेलेली, नातवंडे सांभाळायला. पूर्वी तिला दाखल्यासाठी गाडीभाडे खर्चून गावी यावे लागे. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ निघाले, बोट यंत्रावर ठेवले की काम होते असे सांगितले गेले. पण जन्मभर खुरपे धरलेल्या, हळद काढलेल्या बोटांवर रेघा राहतात कुठे? यंत्र म्हणायचे, जुळत नाही. पुढे मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली, तेव्हापासून बरे आहे. मागच्या नोव्हेंबरात एका आजीचा दाखला उसाच्या फडातून झाला. नातवाने मोबाईल धरला, आणि मी इकडून फोनवर सांगत होते, “आजी, डोळे मिटा, उघडा.” आजी म्हणाल्या, “आता डोळे मिटायलाबी सरकार सांगतंय का गं?”

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळतात. त्या महिन्यात डबे घेऊन निधी गोळा करायचा. फेब्रुवारी-मार्चला हळद शिजवायचे दिवस, तेव्हा बैठकीला माणसे कमी येतात आणि कोणी रागावत नाही. एप्रिलमध्ये जयंतीला मिरवणुकीचा बंदोबस्त आमच्या फौजी काकांकडे. त्यांनी शिट्टी वाजवली की पोरे रांगेत येतात, पोलिसांना काम राहत नाही.

आणि बारमाही काम म्हणजे पहाटेचे मैदान. दोघे निवृत्त नायब सुभेदार रोज पाचला पोरांना पळवतात. फौज, पोलीस, राज्य राखीव दल, जी भरती निघेल तिची तयारी. फी नाही. मात्र बूट नसेल तर सांगायचे, लपवायचे नाही, हा नियम. २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. चार वर्षांची नोकरी, त्यातून २५ टक्क्यांपर्यंत कायम, बाकीच्यांना साधारण ११ लाख ७० हजारांचा सेवानिधी. पेन्शन नाही. पहिली तुकडी २०२३ च्या जानेवारीत प्रशिक्षणाला लागली. यावर आमच्या खोलीत दोन तट आहेत. एक सुभेदार म्हणतात, बाविसाव्या वर्षी हातात दहा-अकरा लाख येतात, पोरगा दुकान टाकेल. दुसरे म्हणतात, पोरगा नाही, बाप घर बांधेल आणि पोरगा पुन्हा भरतीच्या रांगेत. माझे मत दुसऱ्यांच्या बाजूने आहे. घरात पहिल्यांदाच आलेली मोठी रक्कम आपल्याकडे कशी जाते हे मी हिशोबनीस म्हणून बरेच पाहिले आहे.

नोकरी देऊन काढून घेण्याचा अनुभव या समाजाला नवा नाही. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध पहिले अर्ज लिहिणाऱ्यांत गोपाळबाबा वलंगकर होते, ते स्वतः फौजेचे पेन्शनर. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपल्यावर मोडली गेली. शेवटी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. त्याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतल्या लढाईसाठी, २५ नोव्हेंबर १९८७ च्या पराक्रमाबद्दल, मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आमचे एक काका त्या काळात श्रीलंकेत होते. त्याबद्दल ते बोलत नाहीत. २५ नोव्हेंबरला मात्र खोली झाडायला सर्वांआधी येतात.

आता संघटनेतल्या भांडणाविषयी. ते सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

वर्गणी महिना वीस रुपये. ती वर्षानुवर्षे साठली. प्रश्न आला, या पैशांचे करायचे काय? बहुतेक काकांचे म्हणणे, गावात शिरण्याच्या रस्त्यावर स्तंभ उभारू, आपल्या शहीद जवानांची नावे कोरू. मी म्हणाले, स्तंभ व्हावा, पण आधी निम्मे पैसे कागदांच्या कामासाठी बाजूला ठेवा. खेड्यातल्या बाईला जिल्ह्याला चार खेपा माराव्या लागतात. एका खेपेला तिची दिवसाची मजुरी बुडते, वर भाडे. मतदान झाले. स्तंभाच्या बाजूने नऊ, माझ्या म्हणण्याच्या बाजूने सात.

मी हात वर केला नाही, कारण मला मत नाही. ते ठीक आहे, मी कोणाची पेन्शन घेत नाही. पण त्या दिवशी ओट्यावर अकरा बाया बसल्या होत्या, कागद घेऊन आलेल्या. त्यांनाही मत नव्हते. नियमात लिहिले होते, ‘सभासद म्हणजे माजी सैनिक’. ज्यांच्यासाठी खोलीतले तीन चतुर्थांश काम चालते त्या ओट्यावर, आणि खुर्च्या आत.

पुढच्या बैठकीत मी लेखी अर्ज दिला की कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी प्रत्येक बाई सभासद असावी. एक सुभेदार रागावले. “संघटना फौजींची आहे. उद्या बचत गट होईल तिचा.” त्यांचा राग मला समजतो. फौजेबाहेर त्यांना आपली म्हणावी अशी ही एकच जागा आहे. तेव्हा माझी आई उठली. आई कधी सभेत बोललेली नाही. ती म्हणाली, “भाऊ, तुम्ही सरहद्दीवर होता तव्हा मी इथं सासू-सासरा बघितला, चार लेकरं बघितली, दोन एकर बघितलं. तुमची चिठ्ठी यायची, ‘सब कुशल है’. इकडं कुशल होतं का हे कव्हा कोणी इचारलं?” आणि बसली.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. पुढच्या महिन्यात झाला. आता वहीत बावीस बायांची नावे आहेत, प्रत्येकीपुढे दोन रकाने, माहेरचे नाव आणि सासरचे नाव. रागावलेले सुभेदार दोन महिने आले नाहीत. तिसऱ्या महिन्यात पावणेदहाला हजर होते आणि त्यांनीच ओट्यावरच्या बायांना आत बोलावले, जरा मोठ्या आवाजात, कवायतीला बोलावतात तसे. स्तंभाचा ठराव रद्द झालेला नाही. पाया खोदला आहे. भाड्याच्या निधीसाठी बायांनी वेगळी दहा रुपये वर्गणी सुरू केली आणि तिचा हिशोब त्या स्वतः ठेवतात. मी फक्त बेरीज तपासते.

सध्या कपाटात चौदा प्रकरणे आहेत. त्यांपैकी सहा नावाची, पाच जन्मतारखेची. दोन निराधार अनुदानाची, म्हणजे ज्यांना पेन्शनच नाही अशा वृद्धांची. ही केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत महिना ४,००० होती, ती २०२५ च्या ऑक्टोबरात ८,००० करण्याचा निर्णय झाला. वय ६५ च्या पुढे हवे आणि अर्ज करायला हवा. चौदावे प्रकरण एका घटस्फोटित मुलीचे आहे. आईबाप दोघेही गेलेले. अशी मुलगी आईबापांवर अवलंबून असेल तर तिलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, हे फार घरांत माहीत नाही. भाऊ सही द्यायला तयार नाही. त्याच्याशी बोलायला पुढच्या आठवड्यात दोन काका आणि माझी आई जाणार आहेत.

बैठक दर दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला. येताना डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ., आधार आणि बँकेचे पासबुक आणावे. आणि शक्य असेल तर तुमचे लग्नाआधीचे नाव ठाऊक असलेले माहेरचे एखादे जुने माणूस बरोबर घेऊन यावे.